स्वस्त पोर्शे आणि एका बेअरिंगची भीती

आजच्या भागाचा विषय बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता. प्रश्न साधारण असा: 'सेकंडहँड स्पोर्ट्स कार इतकी स्वस्त का मिळते, आणि मिळाली तर घ्यावी का?'

सरळ हो किंवा नाही सांगून मोकळा झालो असतो, पण आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे. आणि या प्रश्नामागे खरंच एक भारी इतिहास आहे. त्यात दिवाळखोरीच्या दारात उभी असलेली कंपनी आहे, करवत हातात घेतलेला एक साहेब आहे, मुठीत मावेल एवढं एक बेअरिंग आहे आणि चक्क अर्थशास्त्राचं नोबेलही आहे. तर हेडफोन लावा, सुरू करू.

आधी एक गंमत सांगतो. पोर्शे ९११ म्हटलं की डोळ्यांसमोर कोटीची गाडी येते. पण याच ९११ ची एक पिढी आहे, कारखान्याचा नंबर ९९६, साधारण १९९७ ते २००५ या काळातली. युरोपात वर्षानुवर्षं सगळ्यात स्वस्त ९११ म्हणून तिचीच ओळख आहे. तिच्या आधीची पिढी, म्हणजे ९९३, तिच्यापेक्षा जुनी आणि ताकदीला कमी, तरी कितीतरी महाग. आणि ९९६ ची धाकटी बहीण बॉक्सटर, नंबर ९८६, ती तर जर्मनीत नव्याकोऱ्या फोक्सवॅगन गोल्फपेक्षाही कमी पैशात मिळते. पोर्शे, गोल्फपेक्षा स्वस्त! असं का?

उत्तरासाठी १९८० च्या दशकात जावं लागेल.

१९८६ मध्ये पोर्शेने जगभरात ५० हजारांहून जास्त गाड्या विकल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकेत. डॉलर महाग होता, शेअर बाजार जोरात होता, न्यूयॉर्कच्या पोरांना बोनस मिळत होते आणि ते बोनस थेट श्टुटगार्टला पोचत होते. मग ऑक्टोबर १९८७ मध्ये शेअर बाजार कोसळला. डॉलर तर आधीच उतरणीला लागलेला. जर्मनीत मार्कात बनणारी गाडी अमेरिकेत महागतच गेली. १९९३ पर्यंत अमेरिकेतली विक्री वर्षाला ३० हजारांवरून ४ हजारांच्याही खाली आली. कंपनी तोट्यात. कोणती मोठी कंपनी पोर्शेला गिळणार याच्या चर्चा पेपरात.

अशा वेळी व्हेंडेलिन वीडेकिंग नावाच्या इंजिनिअरकडे कारभार आला. वय जेमतेम चाळीस. त्याने जपानी सल्लागार बोलावले. हे टोयोटामध्ये ताइची ओनो यांच्या हाताखाली तयार झालेले लोक. त्यांनी इंजिन जुळणीचा विभाग पाहिला आणि विचारलं, कारखाना कुठंय? हे तर गोदाम आहे! खरंच, सुट्या भागांच्या रॅक माणसाच्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. कामगार शिडी लावून पार्ट शोधत बसायचे. चिहिरो नाकाओ या सल्लागाराने वीडेकिंगच्या हातात करवत दिली आणि सांगितलं, काप. साहेबाने सगळ्यांसमोर रॅक अर्ध्यातून कापल्या. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत हा किस्सा आजही सांगतात.

रॅक कापून कारखाना सुधारतो, पण गाडी सुधारत नाही. गाड्या जुन्या झाल्या होत्या. ९११ चं इंजिन १९६० च्या दशकापासून हवेवर थंड होत होतं. आवाजाचे आणि धुराचे नियम कडक होत चाललेले, त्यात ते बसवणं अवघड जात होतं. नवीन इंजिन हवं होतं, पाण्याने थंड होणारं. आणि पैसा नव्हता.

मग त्यांनी काय केलं? आपण सॉफ्टवेअरवाले जे करतो तेच. कोड रीयूज! एकाच वेळी दोन गाड्या बनवल्या, स्वस्त बॉक्सटर आणि महाग ९११. पुढचा भाग दोन्हींचा सारखा. बॉनेट, दरवाजे, हेडलाइट सगळं तेच. इंजिनही एकाच घराण्यातलं, एम९६ नावाचं. बॉक्सटर १९९६ मध्ये आली, २.५ लिटरची, २०४ हॉर्सपॉवरची. ९९६ सप्टेंबर १९९७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसली, ३.४ लिटर, ३०० हॉर्सपॉवर. बॉक्सटरला इतकी मागणी आली की काही गाड्या फिनलंडमधल्या वाल्मेटच्या कारखान्यात बनवून घ्याव्या लागल्या. कंपनी वाचली. नुसती वाचली नाही, काही वर्षांत गब्बर झाली.

जुने भक्त मात्र चिडले. एक तर हवेचं इंजिन गेलं. वर हे हेडलाइट, अंड्याचा बलक फुटून वाहिल्यासारखे. लोकांनी त्यांना 'तळलेलं अंडं' म्हणायला सुरुवात केली. कितीतरी जास्त पैसे मोजून ९११ घ्यायची आणि समोरून ती बॉक्सटरसारखी दिसणार? आतलं प्लास्टिकही साधं. म्हणजे ९९६ ची किंमत पडायला रूपाचाही हात आहे, हे मान्य केलं पाहिजे.

पण खरी भीती रूपाची नव्हती. ती इंजिनाच्या पोटात होती.

आता दोन मिनिटं थोडं टेक्निकल. या इंजिनात एक मधला शाफ्ट आहे, इंटरमीडिएट शाफ्ट. क्रँकशाफ्ट त्याला फिरवतो आणि तो साखळ्यांमधून कॅमशाफ्टना फिरवतो. कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल या मधल्या शाफ्टवर टिकलेला. जुन्या इंजिनांत असा शाफ्ट साध्या प्लेन बेअरिंगवर फिरायचा आणि त्याला दाबाखालचं तेल सतत मिळायचं. एम९६ मध्ये मात्र शाफ्टच्या एका टोकाला सील केलेलं बॉल बेअरिंग बसवलं. आत ग्रीस, वर सील. तेलाची वेगळी वाट काढायला नको.

कागदावर उत्तम. प्रत्यक्षात हे बेअरिंग गरम इंजिन ऑइलमध्ये वर्षानुवर्षं बसून राहायचं. सील कडक व्हायचं, ऑइल आत शिरून ग्रीस धुऊन न्यायचं आणि आत शिरलेलं ऑइल तिथेच साचून शिळं व्हायचं. मग गोळ्या झिजायच्या. एक दिवस बेअरिंग सुटलं की शाफ्ट डगमगतो, साखळीचा ताल चुकतो, पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. इंजिन संपलं. दुरुस्ती नाही, नवीन इंजिनच. आणि त्याचं बिल बऱ्याचदा गाडीच्या किमतीला भिडतं.

आपल्या भाषेत, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. आणि तोही बहुतेक वेळा आधी न सांगता जाणारा.

किती गाड्यांचं असं झालं? साधारण २००० सालापर्यंत दुहेरी ओळीचं बेअरिंग होतं, ते बऱ्यापैकी टिकलं. नंतर २००५ पर्यंत एकेरी ओळीचं आलं, ते नाजूक. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात मालकांनी एकत्र येऊन दावा केला, २००१ ते २००५ च्या मॉडेलसाठी. २०१३ मध्ये तडजोड झाली आणि पहिल्या विक्रीपासून १० वर्षं किंवा १ लाख ३० हजार मैल या मर्यादेत भरपाई ठरली. त्या खटल्याच्या निमित्ताने जे आकडे सगळीकडे फिरले ते असे: एकेरी बेअरिंगच्या गाड्यांत सुमारे ८ टक्के, दुहेरीत सुमारे १ टक्का.

इथे थांबून विचार करा. ८ टक्के म्हणजे १०० पैकी ९२ गाड्यांना काही झालं नाही. मग किंमत शंभरच्या शंभर गाड्यांची का पडली?

आता आपल्या गोष्टीत जॉर्ज अकरलॉफ येतात. १९६६-६७ मध्ये बर्कलेत शिकवायला लागलेला हा तरुण प्राध्यापक सेकंडहँड गाड्यांवर निबंध लिहितो. तीन जर्नल तो परत पाठवतात. कुणी म्हणतं, विषय किरकोळ आहे. त्या काळात अकरलॉफ वर्षभर दिल्लीत, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. निबंधात भारतातल्या सावकारी कर्जाचं उदाहरणही आहे! अखेर १९७० मध्ये तो छापून आला आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत.

अमेरिकेत बिघडकी गाडी म्हणजे 'लेमन'. बघा कसं असतं, आपण गाडीला नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधतो आणि तिकडे गाडीच लिंबू निघते.

अकरलॉफ यांचं म्हणणं साधं आहे. विकणाऱ्याला गाडी माहीत असते, घेणाऱ्याला नसते. आपल्या उदाहरणावर आकडेमोड करू, आकडे समजण्यापुरते. समजा चांगली गाडी १५ हजार युरोची आणि खराब गाडी ५ हजारांची. १०० पैकी ९२ चांगल्या, ८ खराब. कुठली कुठली हे कळत नाही, म्हणून घेणारा सरासरी देणार: १४ हजार २००. फक्त ८०० युरोंची सूट. इथपर्यंत ठीक.

पण आता चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, माझी १५ हजारांची गाडी कमी पैशात का देऊ? ठेवतो मीच. खराबवाला मात्र घाईने विकायला येतो. समजा बाजारात चांगल्या २० च उरल्या आणि खराब आठच्या आठ आल्या. आता सरासरी १२ हजारांच्या जरा वर. मग आणखी चांगले मालक मागे हटतात. भाव आणखी खाली. म्हणजे भाव फक्त बिघाडाने पडत नाही. 'मला माहीत नाही' याने जास्त पडतो.

याचा पुरावा त्याच शोरूममध्ये उभा होता. ९९६ ची टर्बो आणि जीटी३ ही मॉडेल्स. अंगकाठी तीच, जात तीच, पण इंजिन वेगळं, ले मान्सच्या शर्यतीतल्या जीटी१ च्या वंशातलं. त्यात हे सील केलेलं बेअरिंगच नाही. त्या गाड्या साध्या ९९६ च्या कितीतरी वरच्या भावाने विकल्या जातात. त्या जास्त वेगवान आहेत, दुर्मिळ आहेत, हे खरं. पण त्यांच्या जाहिरातीत इंजिनाच्या वंशाचा उल्लेख हमखास असतो. तो त्या न-भीतीचा भाव असतो.

मग या भीतीवर औषध काय? अकरलॉफ यांनीच लिहून ठेवलंय: गॅरंटी, ब्रँड, परवाने. माहिती नसलेल्या माणसाच्या वतीने कुणीतरी खात्री द्यायची. जर्मनीत याचा इतिहास गाड्यांच्याही आधीचा आहे. जानेवारी १८६५ मध्ये मानहाइममधल्या एका दारूभट्टीत वाफेचा बॉयलर फुटला. पुढच्या वर्षी तिथल्या कारखानदारांनी स्वतःच संघटना काढली, बॉयलर तपासायला. तीच परंपरा पुढे ट्यूफ झाली. पश्चिम जर्मनीत १९५१ पासून गाड्यांची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची झाली. आजही दर दोन वर्षांनी गाडी तिथे न्यावीच लागते, तेव्हा नंबरप्लेटवर गोल स्टिकर मिळतं.

पण लक्षात घ्या, ट्यूफ ब्रेक, टायर, दिवे, गंज, धूर बघतं. आपलं बेअरिंग नाही बघत. दुसरं संरक्षण कायद्याचं: डीलरकडून घेतली तर जुन्या गाडीवरही साधारण वर्षभर जबाबदारी त्याची. खासगी माणसाकडून घेतली तर तो करारात ती जबाबदारी काढून टाकू शकतो, 'पाहिली तशी घेतली'. म्हणून खासगी गाडी स्वस्त. तिथेही सूट कशाची? तुम्ही उचललेल्या धोक्याची.

आणि तिसरं औषध आलं गॅरेजमधून. अमेरिकेत इलिनॉयमधल्या एलएन इंजिनिअरिंगसारख्या छोट्या कंपन्यांनी सिरॅमिक गोळ्यांचं बदली बेअरिंग आणलं. हे बेअरिंग इंजिनाच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतं. तिथे पोचायला गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवावं लागतं. पण क्लच बदलताना ते उतरतंच! मग लोक क्लचसोबतच बेअरिंग बदलायला लागले. बघता बघता जी गोष्ट नशिबावर होती ती सर्व्हिसच्या यादीतली एक ओळ झाली. २००६ ते २००८ च्या इंजिनांत पोर्शेने मोठं बेअरिंग दिलं, ते जास्त टिकाऊ, पण इंजिन न खोलता बाहेर निघत नाही. आणि २००८ च्या मध्यात आलेल्या नव्या इंजिनातून तो मधला शाफ्टच काढून टाकला. आमच्या भाषेत बग फिक्स नाही केला, मॉड्यूलच डिलीट.

हा भाग मला इतका का आवडतो, तर माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आता रिटायर झालेत. त्यांना मी फोनवर हे बेअरिंग प्रकरण सांगितलं. ते म्हणाले, "अरे, पार्ट मोडायची वाट बघायचीच कशाला? किलोमीटर झाले की बदलायचा. प्रवासी घाटात अडकवून कळणार आहे का, की तो गेला होता?" वीस वर्षांच्या जर्मन भीतीचं उत्तर त्यांनी एका वाक्यात दिलं.

हो, आता सांगूनच टाकतो. मी तीन वर्षं श्टुटगार्टमध्ये नोकरी करतोय. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत बरं का!) आणि माझ्या डोक्यात एक बॉक्सटर आहे. २००३ ची, मॅन्युअल. आई म्हणते, "दोनच सीट? मग आम्ही आलो की कुठे बसायचं, टपावर?" टप कापडी आहे हे मी तिला सांगितलेलं नाही.

घरचं कर्ज चालू आहे, बहिणीचं शिक्षण चालू आहे. म्हणजे मौज म्हणून इंजिन उडवायला पैसे नाहीत. म्हणून मी स्वतःला काही अटी घातल्यात. त्या तुमच्या कुठल्याही सेकंडहँड खरेदीला लागू पडतील.

पहिली अट. गाडीची किंमत म्हणजे जाहिरातीतली किंमत नव्हे. जाहिरातीतली किंमत, अधिक सगळ्यात वाईट बिल, एवढे पैसे बाजूला असतील तरच फोन करायचा. ८ टक्के हा शंभर गाड्यांचा आकडा आहे. माझी गाडी एकच असणार. ती एक तर ० टक्के बिघडेल, नाहीतर १०० टक्के.

दुसरी अट. कागद. क्लच कधी बदलला, बेअरिंग बदललं का, ऑइल किती किलोमीटरला बदललं. 'बदललंय हो' चालणार नाही, बिल पाहिजे.

तिसरी. ऑइल फिल्टर उघडून बघू द्यायचा. या इंजिनाच्या फिल्टरला आत कागद असतो, त्याच्या घड्यांत धातूचे चमकणारे कण दिसले तर नमस्कार करून निघायचं. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे येण्याचाही या इंजिनांना त्रास आहे, तोही कॅमेरा घालून बघता येतो.

चौथी. कमी चाललेल्या गाडीवर भाळायचं नाही. अनेक मेकॅनिक सांगतात की वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाड्यांपेक्षा नियमित पळणाऱ्या बऱ्या.

गेल्या महिन्यात एक गाडी पाहिली. सुंदर होती. भावही अपेक्षेपेक्षा खाली. मालकाला म्हटलं, स्वतंत्र गॅरेजमध्ये तपासून घेऊ, खर्च माझा. तो म्हणाला, घ्यायची तर आज घ्या, तपासणी नको. मी निघून आलो. कदाचित ती ९२ मधली असेल. पण मला ते कळू न देण्याचा हट्ट, हीच माझ्यासाठी पुरेशी माहिती होती. अकरलॉफ वाचल्याचा एवढा फायदा व्हायलाच हवा!

भारतात ऐकणाऱ्यांसाठी एक स्पष्टीकरण. 'तिकडून स्वस्तात आणू' हा विचार सोडा. जुनी गाडी भारतात आयात करायची तर ती ३ वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि ड्युटी जबर असते. पण नियम बदलतात, तत्त्व बदलत नाही. पुण्यात सेकंडहँड बाइक घ्या, नाशिकला जुना लॅपटॉप घ्या, सूट कशाची मिळतेय ते आधी विचारा. वयाची, रूपाची की न कळण्याची? वयाची आणि रूपाची सूट खुशाल घ्या. न कळण्याची सूट मात्र तेव्हाच तुमची कमाई होते, जेव्हा तुम्ही वेळ आणि थोडे पैसे घालून ते कळून घेता. नाहीतर ती सूट नाही, पुढच्या बिलाचा ॲडव्हान्स आहे.

बाकी नियतीचा खेळ पाहा. ज्या दोन गाड्यांनी पोर्शेला वाचवलं, त्याच आज पोर्शेच्या स्वस्त गाड्यांत मोजल्या जातात. त्या नसत्या तर पुढच्या महागड्या पोर्शे बहुधा आल्याच नसत्या.

तुम्ही अशी एखादी धाकधुकीची खरेदी केलीय का? किंवा दारात जाऊन परत फिरलात का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि माझी बॉक्सटर मिळाली, तर पहिला आवाज तिच्या इंजिनाचाच ऐकवेन. भेटू, काळजी घ्या!